टार्पी जुळ्यांचा हप्ता

मॉय नदीच्या पुलापाशी, बुटांच्या दुकानावर
माझी कचेरी. एकतीस वर्षं
मी इथे गाड्यांचे विमे लिहितोय.
लोक मला पाहून रस्ता ओलांडतात,
दाताच्या डॉक्टरला पाहून ओलांडावा तसा.

टार्पींची जुळी आली तेव्हा सतराची होती,
नेसा आणि लोर्कन,
दोघांत मिळून एक निळी मायक्रा,
परवानेसुद्धा एकाच सकाळचे.
नेसाचं बोलणं भरधाव, चालवणंही.
लोर्कन असा, की मागून गोगलगायीनं हॉर्न द्यावा.

मी कोष्टक उघडलं.
तिला नऊशे युरो. त्याला एकवीसशे.
"मी काय केलं?"
काही नाही, पोरा.
केलं ते फॉक्सफर्डच्या वळणावरच्या मुलांनी,
ज्यांच्या नावाचे क्रॉस
गवत कापणारा माणूस दर जूनमध्ये
हलक्या हातानं चुकवतो.
शनिवारची रात्र, गाडीत चौघं,
आणि चाकावर मुलगाच, बहुतेक वेळा मुलगाच.
ते सगळे या कोष्टकात राहायला आलेत.
त्यांचं थकलेलं भाडं
आता तू भरायचंस.

यातलं काही बोललो नाही.
म्हटलं, "सही इथे."

मग लक्झेंबर्गच्या कोर्टानं सांगितलं,
बाईचा एक भाव, पुरुषाचा एक, असं चालणार नाही.
मला वाटलं, चला, मापातलं पाप गेलं.
त्या डिसेंबरात पत्रं निघाली.
लोर्कनचा हप्ता जरासा उतरला,
नेसाचा जिना चढून गच्चीवर गेला.
कंपनीच्या गल्ल्यात
एक नाणं कमी वाजलं नाही.

नेसा आली नाही. आली तिची आत्या,
अट्रॅक्टा, पोरीचा हप्ता भरणारी.
ओली छत्री माझ्या फायलींवर आडवी टाकून म्हणाली,
"सत्तर साली मी बँकेत होते.
लग्न ठरलं, मॅनेजरनं केक कापला
आणि मला घरी पाठवलं. नियमच होता तसा.
म्हातारपणी पेन्शनवाले म्हणाले, बायका फार जगतात,
म्हणून महिन्याला थोडे कमी.
जगण्याचीसुद्धा वजावट!
बाई असण्याचं बिल मी सगळीकडे भरलं, मिस्टर डेव्हानी.
एका खिडकीवर, फक्त एका,
थोडी सूट मिळायची.
समानता सुरू करायला
तुम्हाला नेमकी तीच खिडकी सापडली?"

मी चहा विचारला. ती चहा पिऊन गेली.
बिस्किटाला हात लावला नाही.

आता पेटी आलीय. काळी, काड्यापेटीएवढी,
डॅशबोर्डखाली चिकटवायची.
मुलगा की मुलगी, ती विचारत नाही.
मला आधी फार बरं वाटलं.
ती विचारते: किती वाजता, किती वेगात,
ब्रेक किती जोरात.

नेसा कॅसलबारच्या इस्पितळात नर्स आहे, रात्रपाळीला.
पहाटे तीनला, कोणाचे तरी डोळे मिटून, घरी निघते.
पेटीच्या हिशेबात तीन वाजता रस्त्यावर
फक्त दारुडे असतात.

गेल्या मंगळवारी लोर्कन आला.
केस विरळ झालेत, चालणं तेच.
पत्र टेबलावर ठेवून म्हणाला, "ब्रेकचे गुण कापलेत."
"काय झालं होतं?"
"मेंढी. आडवी आली. गाभण होती."

मी कागद वाचला.
तारीख होती, वेळ होती, वेग होता,
रस्त्याचा क्रमांक होता. झटका: तीव्र.
पेटीला ब्रेक दिसला.
मेंढीला रकाना नव्हता.

मग मी पेन काढलं आणि समासात,
एकतीस वर्षांत पहिल्यांदा, कोष्टकाबाहेर,
मोठ्या अक्षरांत लिहिलं: मेंढी.
कागद डब्लिनला पाठवला.

उत्तर यायचंय.
नाताळात मी निवृत्त होतो.